नेल्सनची पिल्लं जेवली

साप पकडून सोडणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते सापांच्या जेवणाचे, आणि तेही एकाच वर्षीचे. नेल्सन आणि मी भेटलो की त्यातला एखादा निघतोच. तो हसत सांगतो, मी हसत ऐकतो. आतून मात्र मला अजून तितकंसं हसू येत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या बोळिंजला जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. एका ठिकाणी पाया खणताना धामणीची अंडी निघाली आणि मजुरांनी मला हाक मारली. निम्मी अंडी मी ठेवली, निम्मी वटारच्या नेल्सनला दिली. त्याची तिथे केळीची वाडी, आणि सापांचं वेड माझ्याइतकंच. अंडी ओल्या भुशात ठेवायची, पिल्लं स्वतःहून खायला लागली की वनखात्याला सांगून सोडून द्यायची, असं ठरलं. माझी पिल्लं आधी बाहेर आली. तेवढा दिवस मी खूश होतो.

पहिली कात टाकली की पिल्लं खायला लागतात. माझ्या पिल्लांनी ती टाकली, आणि तरीही जेवेनात.

*

बेडकाचं पिल्लू समोर ठेवलं की माझी पिल्लं त्याच्याकडे पाठ करून बसायची. त्याच आठवड्यात नेल्सनचा फोन आला.

"जेवली," तो म्हणाला.

"कोण?"

"सगळीच. सकाळी बेडूक ठेवले, दुपारी पेटीत एक नाही."

मी "वा वा" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. माझी बायको मंजिरी म्हणाली, "कोण गेलं?"

*

मी पिल्लांना दर थोड्या वेळाने उठून बघायचो. डब्यावर टॉवेल घालायचो, काढायचो, दिवा घालवायचो. मंजिरी दारात उभी राहून बघत होती.

"मागच्या वर्षी मला टायफॉइड झाला होता," ती म्हणाली. "तेव्हा दिवसातून एकदा डोकावायचास. तेही चहा कुठे आहे विचारायला."

*

पिल्लांचं वजन घटतंय का, हे कळायला घरात काटा नव्हता. म्हणून एक पिल्लू कापडी पिशवीत घालून ओळखीच्या सोनाराकडे नेलं. पिशवीत काय आहे ते मी सांगितलं नाही. त्याने तोलून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्याने पुन्हा तोललं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"घट आलीय," तो म्हणाला. "मोडीत काढताय, की बदलून नवीन देऊ?"

नेमकी तेव्हाच पिशवी हलली. त्यानंतर मला दुसरा सोनार शोधावा लागला.

*

कुणीतरी सांगितलं, पिल्लांना पालीचा वास आवडतो. बेडकाच्या अंगाला पाल घासून द्या. आमच्या घरात पाली नव्हत्या, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या कामतांकडे स्टूल घेऊन गेलो. त्यांनी आनंदाने सगळ्या खोल्या उघडून दिल्या.

दोन दिवस गेले आणि खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू जिन्यात माझ्याशी बोलेनात. शेवटी मीच विचारलं, काही चुकलं का?

"चुकलं कसलं," त्या म्हणाल्या. "कामतांच्या पाली चालतात तुम्हाला. आमच्या नाही चालत."

त्यांच्याही नेल्या. वासाचा उपाय लागू पडला. एक सोडून माझी सगळी पिल्लं जेवली. मी नेल्सनला फोन केला, तर तो म्हणाला, "अरे वा, आता लागली होय? माझी तर दुसऱ्यांदा कात टाकतील."

*

हे काही मला सहन झालं नाही. त्याचं गुपित काय ते बघायला मी वटारला गेलो. नेल्सन वाडीत होता. ओट्यावर त्याची आई भाजी निवडत बसली होती.

"तू सापवाला ना रे? मंग तूच सांग," ती म्हणाली. "या वर्षी घरात पानी शिरलं नाय, काय नाय. तरी एवढी बारकी बेडकं कुठून येतात? काल एक माझ्या चपलेत होतं."

मी आत जाऊन पेटी बघितली. झाकणाच्या कोपऱ्याला फट होती. पिल्लाचं डोकं तिच्यातून जात नव्हतं. बेडकाचं अख्खं अंग जात होतं.

नेल्सन आला तेव्हा मी त्याला पेटीकडे नेलं. फक्त फटीवर बोट ठेवलं. इतका चवदार चहा मी त्यानंतर वटारला प्यायलो नाही.

*

फट बुजवल्यावर नेल्सनची पिल्लंही हळूहळू खायला लागली. माझं ते एक, सगळ्यात लहान, तेवढं राहिलं. त्याच्या अंगावर आता बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बेडूक झाला, पाल झाली, अंधार झाला, एकटं ठेवून झालं. रविवारी नेल्सन बघायला आला.

"मी करून बघू?" त्याने विचारलं.

मी चिमटा त्याच्या हातात दिला. त्याला जमणार नाही याची मला खात्री होती, म्हणूनच दिला.

त्याने चिमट्यात पालीचं तुटलेलं शेपूट धरलं आणि पिल्लाच्या नाकाला हळूच लावलं. पिल्लाने मान मागे घेतली. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा. पिल्लू चिडलं, चावलं, आणि तोंडात आलेलं तसंच धरून बसलं. नेल्सन दगडासारखा स्थिर. मग पिल्लाचा जबडा एका बाजूने पुढे सरकला, मग दुसऱ्या बाजूने. शेपूट आत गेलं.

इतके दिवस मी त्याच्यासमोर पोटावर पडून होतो. आणि ते जेवलं याच्या हातून.

मी वर बघितलं. मंजिरी चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती.

"आपला विकी पहिल्यांदा चालला तेव्हा मी ऑफिसात होते," ती म्हणाली. "तुझ्या आईकडे चालत गेला. मला संध्याकाळी सांगितलं तुम्ही."

मग तिने कप खाली ठेवले.

"साखर कमी असली तर सांग, नेल्सन."