पहिला दुधी

आप्पा रागावून गेले की दुखावून, हा घोर वैजयंतीच्या मनातून जात नव्हता. बाकी कुणाला हा प्रश्नच पडला नव्हता. सासरे पेरणीला गावी गेले आणि शेतातच वारले. सगळ्यांच्या लेखी एवढंच.

आप्पा म्हणजे दाविद सोनोने. वरुडच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून त्यांची घरची शेती. घराणं आजोबांपासून ल्यूथरन पंथाचं ख्रिस्ती. लहानपणी चर्चमध्ये पाठ केलेली प्रश्नोत्तरं आप्पा औत हाकताना मोठ्यानं म्हणत, मधेच बैलाला शिवी घालत आणि पुन्हा पुढचं उत्तर धरत. पिकातलं पहिलं देवाचं, हा त्यांचा नेम. पहिली तूर, पहिली संत्री वेदीपाशी ठेवल्याशिवाय घरात कुणी चव घ्यायची नाही.

सासूबाई गेल्यावर वैजयंतीच्या नवऱ्यानं, रणजीतनं, त्यांना नवी मुंबईत खांदेश्वरला आणलं. फ्लॅटमध्ये ते बरेच दिवस पाहुण्यासारखे बसून असत. मग सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत त्यांनी दुधीचा वेल लावला, वॉचमनशी गट्टी केली, आणि जरा माणसात आले.

पहिला दुधी धरला तेव्हा लेकीला, सईला कावीळ झाली होती. आप्पांनी शनिवारी तो काढून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला. रविवारी सकाळी वैजयंतीनं चिरला. पोरगी काही खात नव्हती, तिला दुसरं काही सुचत नव्हतं. शिवाय वैजयंती मुंबईत वाढलेली. माहेरी कापणीच्या सणाला चर्चमध्ये पैशाचं पाकीट टाकलं की झालं.

"वैजू, दुधी?"

"सईला भाजी केली, आप्पा."

त्यांनी फ्रीजचं दार लावलं. "बरं केलं. लेकराच्या पोटात गेला."

चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले. येताना रिक्षात तोंड बाहेर वळवून. वैजयंती आधीच कावलेली. "एका दुधीसाठी तोंड पाडू नका हो. मार्केटमधून दुसरा आणला असता."

"इकतचा कसा चालन, बाई? त्याले म्या पेरलं नाही."

दुसऱ्या दिवशी झाडताना तिला पलंगाखाली त्यांची बॅग दिसली, भरून ठेवलेली. ती तिनं तशीच पुन्हा आत सरकवली. त्याच्या पुढच्या दिवशी गावाहून धाकट्या दिराचा, मधुकरचा फोन आला. "आप्पा, फ्लॅटात वाळून जासान तुमी. पेरणीले या, नाही तं मी औताचे सारे तास वाकडे काढतो." आप्पा हसले आणि गेले. वैजयंतीला तेव्हा हायसंच वाटलं होतं.

तूर पेरून झाली, बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. मातीहून परतताना मधुकर म्हणाला, "मीच बोलावलं, वहिनी. थट्टेत." बॅगेचं तिच्या ओठांवर आलं होतं. पाहुण्यांसमोर नको म्हणून राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

आज जेवताना रणजीत म्हणाला, "मधू शेतात पाय ठेवत नाही. रब्बीला दुसऱ्याला मक्त्यानं कसायला देऊन टाकतो म्हणतो. माझ्या हाकेनं बाप मेला, हेच चाललंय त्याचं."

वैजयंतीनं हातातला घास ताटात ठेवला. तिनं दुधीचं सांगितलं, रिक्षातलं बोलणं सांगितलं, बॅगेचंही.

"दुधीवरून कुणी घर सोडतं का?" रणजीत म्हणाला. "टेन्शन घेऊ नको. आता सांगून काय? उगाच तुझ्यावर डूख धरेल."

"धरू दे. त्याच्या फोनआधीच निघाले होते आप्पा, हे मला एकटीलाच माहितीय."

ताट तसंच ठेवून ती उठली. हात धुतले, सईला टीव्ही बारीक करायला सांगितलं आणि मधुकरचा नंबर लावला.