विडीला लावलेलं बँकर

दर रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना झाली की दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. आत जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचं, बाहेर येणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचं, एवढंच काम. गेल्या वर्षी एका रविवारी मी एक डोळा उघडून पाहिलं, तर सगळी मंडळी आपापला श्वास सोडून माझ्या बापाच्या श्वासाकडे लक्ष देत होती. आबांच्या छातीतून दर श्वासाला बारीक शीळ निघत होती. ते स्वतः मात्र एकदम शांत. बाहेर आल्यावर चपला घालायच्या आधी त्यांनी विडी पेटवली.

आबा रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात काढली. गँग रुळावर काम करत असते तेव्हा एका माणसाने कशालाही हात लावायचा नसतो. त्याने फक्त गाडीची वाट बघायची आणि तिची चाहूल लागली की शिट्टी मारायची. ते काम आबांचं. घाटात धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही, पण आबांची शिट्टी आली की माणसं पहारी उचलून बाजूला होत. त्यांच्या शिट्टीवर एकही माणूस दगावला नाही, हे आमच्याकडे आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगितलं जातं.

मी लोणावळ्यात एका मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर लोकांना शहाणपण शिकवते आणि घरी येऊन हरते. आबांच्या विड्या मी लपवल्या, पाण्यात बुडवल्या, दोनदा उकिरड्यावर फेकल्या. शेवटी एका संध्याकाळी वैतागून ओरडले, "नका सोडू विडी! निदान व्हिटॅमिनची गोळी तरी चघळत जा!"

"त्यानं काय व्हतं?"

"होते छातीला थोडी मदत," मी म्हणाले. खरं तर मला काहीतरी बोलून स्वयंपाकघरात जायचं होतं.

आबांचा चेहरा उजळला. "मंजी बँकर!"

आता हे घाटाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीचं पुढचं इंजिन एकटं पुरत नाही, म्हणून मागून जादा इंजिनं लावून ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. आबांनी जन्मभर बँकर पाहिलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही संकटावर मागून काहीतरी लावलं की ते चढून जातं, असा त्यांचा पक्का विश्वास. माझ्या लग्नाच्या बोलणीतही त्यांनी मागून एक मामा लावला होता. तो चढ काही चढला नाही, ते असो.

दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. दर विडीमागे एक संत्र्याच्या चवीची व्हिटॅमिनची गोळी. "बँकर लागल्याबिगर गाडी सोडायची न्हाई," असं म्हणून ते आधी गोळी चघळत आणि मग काडी ओढत. इतकी शिस्त मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. फक्त दिवसाला बाराच्या पंधरा विड्या झाल्या, कारण आता भीती उरली नव्हती.

पाचव्या दिवशी पोट बिघडलं. जीभ केशरी, चेहरा उतरलेला आणि हातात कायम तांब्या. आई म्हणाली, "अवो, त्या गोळ्यांनी लागलंय तुमाला."

"लागलं न्हाई," आबा दारातूनच म्हणाले. "छातीतली घाण खालच्या लायनीनं निघतीया. चांगलं लक्षान हाय."

मी कपाळावर हात मारला. पण थांबले नाही, आणि हे मला अजून खुपतं. विडी सुटत नाही तर गोळी तरी बदलू, म्हणून मी दुकानातून गाजराच्या सत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या. खोक्यावर गुलाबी फुफ्फुसांचं चित्र होतं. दिवसाला एक. पोट सावरलं. घरात समाधान पसरलं.

शीळ मात्र वाढली. नळावरून बादली आणताना आबा दोनदा थांबू लागले. तेव्हा मी तीन चेंडूंचं यंत्र आणलं. ऑपरेशन झालेल्यांना देतात ते. प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर चढतात. आबांचा एकही चढणार नाही, मग ते घाबरतील, असा माझा डाव.

आबांनी नळी ओठांत विडीसारखी धरली, गाल आत घेतले आणि असा झुरका मारला की तिन्ही चेंडू खाडकन वर! नंतर मी ओढलं. माझे दीड चढले. मी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही.

"बघ," आबा आईला म्हणाले, "पोरीची छाती कच्ची हाय. तिला बी एक कॅप्सूल देत जा."

बातमी निवृत्त गँगपर्यंत गेली. रविवारी सहा म्हातारे आमच्या अंगणात रांगेत बसले, विडी ओढणारे एकीकडे, न ओढणारे एकीकडे. यंत्र दर वेळी धुवायचं काम माझ्याकडे. न ओढणारे सपशेल हरले. कुरवंड्याहून आलेले जुने मुकादम, म्हणजे या गँगचे एके काळचे प्रमुख, तिन्ही चेंडू वर धरून बराच वेळ बसले आणि पहिले आले. "चाळीस वर्सांचा सराव हाय," ते खोकत खोकत म्हणाले.

त्या रात्री आबांना उताणं झोपता आलं नाही. भिंतीला टेकून बसून राहिले. सकाळी मी त्यांना तळेगावच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आबांनी यंत्र पिशवीत घेतलं होतं. त्यांनी तिन्ही चेंडू उडवून दाखवले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून काडेपेटी काढली, काडी पेटवून आबांच्या तोंडासमोर वीतभर लांब धरली आणि म्हणाल्या, "तोंड मोठं उघडं ठेवा, ओठ न आवळता फुंकून विझवा."

आबांनी फुंकलं. ज्योत हलली फक्त. पुन्हा फुंकलं. काडी बाईंच्या बोटापर्यंत जळत आली, त्यांनी ती टाकली आणि दुसरी पेटवली. तीही तशीच. तिसरी आबांनी त्यांच्या हातातून घेतली आणि मनगटाला झटका देऊन विझवली. "आमी अशी इझवतो," ते म्हणाले. आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता.

"तुम्हाला हवा आत ओढता येते, आबा. बाहेर काढता येत नाही. ती आत अडकून राहते," बाई म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. विडी सोडलीत तर उरलेलं टिकेल. औषध देते." मग गोळ्यांचं विचारलं. मी कॅप्सूलचं खोकं पुढं केलं. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "विडीचं नुकसान कुठल्याच व्हिटॅमिनने भरून येत नाही. आणि या तर विडी ओढणाऱ्याला द्यायच्याच नसतात, उलट अपाय करतात. तुम्ही फार्मासिस्ट ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईकांना बारीक अक्षरं वाचून दाखवणारी मी, बापाला देताना वाचली नव्हती.

आबा माझ्याकडे वळले. "मंजी बँकर आपल्याला उताराला ढकलत हुतं?"

"होय, आबा. चुकलं माझं."

घरी आल्यावर आबांनी ट्रंकेतून जुनी शिट्टी काढली, अंगणात उभे राहिले आणि फुंकली. नुसती हवा आली. आतला दाणासुद्धा हलला नाही. आई चुलीवरची भाकरी तशीच ठेवून दारात आली. आबांनी आणखी दोनदा फुंकलं. मग पायरीवर बसले आणि शिट्टीकडे बघत म्हणाले, "आत्ता गँग रुळावर आसती तर?"

उरलेलं बंडल त्यांनी स्वतः चुलीत घातलं. पुढच्या चार महिन्यांत दोनदा ओढली, दोन्ही वेळा मला येऊन सांगितलं. बाईंनी दिलेला तोंडात मारायचा औषधाचा फवारा रोज घेतात, नंतर चूळ भरतात आणि अंगणात जाऊन शिट्टी फुंकून बघतात. आम्ही दोघी आपापलं काम करत कान तिकडे ठेवतो. कितीतरी दिवस नुसती हवाच.

मागच्या पंधरवड्यात मुकादम आले होते. अंगणात बसून, ओठांत विडी आणि हातात चहा, मला सांगत होते की डॉक्टरांचं सगळंच खरं मानायचं नसतं. त्यांच्या पाठीमागं आबांनी शिट्टी तोंडाला लावली. प्रर्र, एवढाच बारीक आवाज आला, पण आला. बोलता बोलता मुकादम ताडकन उठले, चार पावलं बाजूला गेले आणि गाडी जाऊ द्यायला भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चहा अंगावर सांडला होता, विडी खाली पडली होती.

आबा पुढं झाले आणि ती विडी त्यांनी चपलेनं विझवली.