दुबईतल्या बेसबॉल संघाच्या साहेबांची चौकशी

दुबईला मी बुर्ज बघायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. तसं काही वाचायला आला असाल तर थोडी निराशा होईल. मी गेले होते तीन माणसं बघायला.

झालं असं की माझी धाकटी बहीण मंजू गेली आठ-नऊ वर्षं दुबईत आहे. तिचा नवरा नितीन तिथे एअर कार्गोमध्ये होता, चांगला स्थिर. दिवाळीनंतर त्याने ती नोकरी सोडली आणि एका बेसबॉल संघात ऑपरेशन्सचा प्रमुख झाला. संघही मोठ्या लीगमधला नव्हे, दुसऱ्या फळीतला. नवखे खेळाडू तयार होऊन वर जावेत म्हणून असतात तसा. घरच्यांचा व्हिसा, लेकीची, इराची शाळा, सगळं आता या संघावर.

मंजूचा फोन आला. "ताई, वरची माणसं कोण आहेत तेच कळत नाही. अध्यक्ष म्हणे मासळीवाला. तू एकदा येऊन बघ ना."

मी पुण्यात एका कंपनीत उमेदवारांची पार्श्वभूमी तपासते. कोण कुठे होता, का सोडलं, जे सांगतोय ते खरं का. बारा वर्षांत एक सवय लागली आहे : समोरचा जितका गोड बोलेल तितकी मी सावध होते. व्हिसा एजंटकडून चार दिवसांत आला, जानेवारीतलं मुंबईहून तिकीट काढलं आणि निघाले.

मंजूचं घर अल कुसैसला, शारजाच्या हद्दीजवळ. जाणाऱ्यांसाठी टीप : राहायला हा भाग स्वस्त पडतो, खाली वाण्याकडे कढीपत्त्यापासून शेवग्यापर्यंत सगळं मिळतं आणि मेट्रो चालत जाण्याइतकी जवळ. जानेवारीत संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो, यावर माझा विश्वास नव्हता. न्या.

दुसऱ्या दिवशी नितीन मला अल बर्शाच्या ऑफिसात घेऊन गेला. मेट्रोने साडेसात दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. वाटेत एकदा गाडी बदलावी लागते. बायकांच्या डब्यात मला बसायला जागा मिळाली. नितीन पलीकडच्या डब्यातून माझ्याकडे बघून हसत होता. फार हसत होता, असं मला तेव्हाही वाटलं.

ऑफिस एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली दाताचा दवाखाना. अध्यक्ष जॉर्जसाहेब मूळचे कोल्लमचे. कराक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा, मागवला आणि हिंदीत सुरू झाले, "वीस साल मछली बेचा. फ्रोजन."

"मग बेसबॉल कसं काय?"

"मछली और टिकट, दोनों का टाइम निकल गया तो खलास."

उत्तर तयार होतं. तयार उत्तरं मला आवडत नाहीत.

तिकीट विभागाच्या प्रमुख लीझाबाई फिलिपिन्सच्या. आधी क्रूझवर प्रवाशांचे संध्याकाळचे खेळ घ्यायच्या. कोणत्या जहाजावर, किती वर्षं, का सोडलं, मी सगळं गप्पा मारल्यासारखं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग हसून म्हणाल्या, "तुम्ही पोलीस आहात का?"

जनरल मॅनेजर ब्रायन अमेरिकन. कॉलेजात असताना गावच्या संघात त्याचं पहिलं काम पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायचं. मग हॉटडॉगचा स्टॉल, मग तिकीट खिडकी, मग जाहिराती, असं करत वर. "छोट्या संघात असंच असतं. वर बसलेल्या प्रत्येकाने कधीतरी खालचा कचरा उचललेला असतो."

"स्वतः खेळलात?"

"मी? अजिबात नाही. आमच्यात खरा खेळलेला एकच आहे." आणि त्याने नितीनच्या पाठीवर थाप मारली. नितीन म्हणाला, "ताई, चला, उशीर होतोय."

मला वाटलं, गमतीने म्हणत असेल. नितीनने कधी बॅट उचललेली मी पाहिली नव्हती.

रविवारी बसने अबुधाबीला गेले. खलिफा सिटीत माझी जुनी सहकारी वैशाली राहते, तिचे यजमान कधीकाळी जॉर्जसाहेबांच्या कंपनीला माल पुरवायचे. बंगल्यांचा शांत भाग, रस्ते इतके रिकामे की चालणारी मी एकटीच. वैशालीने थालीपीठ केलं होतं. यजमान म्हणाले, "जॉर्ज? घासाघीस फार करतो. पण फसवलं नाही कधी." ब्रायनबद्दलही मी पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या मार्गांनी विचारणा केली. ताडपत्रीसकट सगळं खरं निघालं.

एवढं खरं निघाल्यावर मी सुखावायला हवं होतं. उलट जास्तच अस्वस्थ झाले.

मग सामन्याचा दिवस. मैदान शहराबाहेर अल ऐनच्या रस्त्यावर. मेट्रो पोचत नाही, गाडी हवीच. बाजूला नुसती वाळू आणि मध्ये खोट्या गवताचा हिरवा तुकडा. डोळ्यात वाळू जाते, चष्मा न्यावा. लोक थोडेच, पण आवाज भरपूर : फिलिपिनो, पाकिस्तानी, आपले लोक. मी, मंजू आणि इरा तिसऱ्या रांगेत बसलो. मंजू कितीतरी दिवसांनी खुशीत होती. कोण कुठे उभा राहतो, का, ते मला समजावत होती. समजावणारच. जळगावला असताना ती महाराष्ट्राच्या सॉफ्टबॉल संघात होती. पिचर. चेंडू टाकणारी. खांदा गेला म्हणून खेळ सुटला. आईने महिनोन् महिने तो खांदा शेकला होता.

सामन्याआधी स्पीकरवर घोषणा झाली. आजचा मानाचा पहिला चेंडू टाकणार आहेत आमचे ऑपरेशन्स प्रमुख, महाराष्ट्र राज्याचे माजी पिचर, खांद्याच्या दुखापतीमुळे ज्यांना खेळ सोडावा लागला ते नितीन.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नितीन मैदानात आला. आमच्याकडे बघितलं नाही त्याने.

इरा म्हणाली, "मावशी, दॅट्स मम्माज शोल्डर."

मी मंजूकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती. बाकीच्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या. चेंडू अर्ध्या वाटेतच जमिनीवर आपटला. लोक हसले, खांदा दुखरा म्हणून प्रेमाने हसले.



दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मंजू पोहे भिजवत होती. नितीन दारात उभा राहिला.

"मुलाखतीत विचारलं, खेळ कळतो का. तू इतकी वर्षं सांगितलेलं सगळं मला येत होतं, मंजू. बोलता बोलता तोंडातून गेलं. मग मागे घेता येईना."

"खांदासुद्धा?" मंजूने विचारलं.



मी म्हटलं, "नितीन, हे आमच्या कंपनीत सापडलं असतं तर मी लाल शेरा मारला असता. ब्रायनला दुसऱ्याकडून कळायच्या आत तू सांग."

"नोकरी गेली तर, ताई? इराची शाळा..."

"जाऊ दे गेली तर," मंजू म्हणाली. "मला या घरात इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही, तू काय खेळायचीस. तिथे अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. तुला."

पोहे त्या दिवशी कोणी धड खाल्ले नाहीत.

नितीन एकटा गेला आणि दुपारी परतला. ब्रायन चिडला होता. म्हणाला, मी तुला कार्गोतला माणूस म्हणून घेतलं होतं, सामान वेळेवर पोचावं म्हणून; खोटं बोलायची गरज काय होती? सीझन संपेपर्यंत ठेवतो, मग बघू. जॉर्जसाहेब एवढंच म्हणाले की मासळी शिळी असेल तर ताजी म्हणून विकायची नाही.

मी ठरल्या दिवशी परत आले. मंजूने विमानतळावर मिठी मारली, पण बोलली कमी.

पुण्यात लोक विचारतात, दुबई कशी वाटली? मी सांगते : रस्ते छान, मेट्रो स्वच्छ, थंडीत जा. मासळीवाला, जहाजावरची बाई, ताडपत्रीवाला, तिघांकडे मी किती संशयाने पाहिलं. चौथा माणूस माझ्यासमोर जेवत होता, त्याला मी एक प्रश्न विचारला नाही, कारण तो घरचा. कामावर आता उमेदवार कोणाच्या ओळखीतला निघाला की मी कागद पुन्हा एकदा वाचते.

गेल्या आठवड्यात मंजूला विचारलं, "बोलतेस का त्याच्याशी?"

"बोलते गं," ती म्हणाली. "फक्त तो जुनं काही सांगायला लागला, की आधी विचारते, हे तुझं की माझं?"