अंगठ्याला सुट्टी

शेजारच्या वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर सोनेरी किनारीत 'अभिनंदन' लिहिलं होतं. एवढ्या थाटाचं अभिनंदन आमच्याकडे निवडून आलेल्याच्या वाट्याला येतं, म्हणून मी पुढचं वाचलं. वहिनींनी आरोग्य विमा काढला होता आणि तो दरवर्षी आपोआप चालू राहणार होता. ही बातमी त्यांना माझ्याकडूनच कळली. हप्त्यात गेले ते पैसे लेकीच्या नर्सिंगच्या फीचे होते. ती गोंदियाला प्रवेश घेत होती.

"मी कायले काढू विमा, भाऊजी? मी त पैसे काढाले गेली होती."

मी त्यांच्यासोबत बँकेत गेलो. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "सर, अंगूठा तो इन्होंने ही दिया है." ते खरं होतं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत चिखलाने बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्र ओळख देत नाही. म्हणून हिरवा दिवा लागेपर्यंत मुकाट्याने अंगठा टेकवत राहायचा, ही इथली रीत. त्यातला एक अंगठा विम्याचा निघाला.

अधिकारी वाईट नव्हता. त्याच्या मागच्या भिंतीवर 'ग्राहक हाच देव' अशी पाटी होती, आणि महिनाअखेरीला किती देवांचे विमे झाले हे त्याला वर कळवावं लागे. मुदतीत पॉलिसी परत केली तर पैसे मिळतात, हे त्यानेच आवाज खाली आणून सांगितलं आणि अर्जही स्वतः भरला. फक्त ओळख पटवायला अंगठा हवा होता. विमा उतरवताना वहिनींना ओळखणारं यंत्र आता काही केल्या ओळखेना.

"आठवडाभर चिखल नको, तेल लावा," तो म्हणाला. त्या विम्यातून मिळालेला हा एकमेव वैद्यकीय सल्ला.

पण इटियाडोह धरणाचं पाणी सुटलेलं, रोवणी भरात. वहिनींच्या टोळीने भाताच्या बांध्या गुत्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या ठेक्याने, रोवायला घेतलेल्या. जी रोवेल तिलाच वाटा, असा टोळीचा नियम. आठवडा घरी बसलं तर मजुरी जाणार, न बसलं तर मुदत. संध्याकाळी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायकांनी आधी मनसोक्त थट्टा केली. मग टोळीतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "तू धुऱ्यावर बस वो. गाणे सांग. वाटा भेटन तुले."

वहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन बसल्या. अंगठ्याला तेलाची चिंधी. त्या ओळ सांगत, खाली वाकलेल्या बायका ती उचलत आणि रोवत पुढे सरकत. कार्यक्रमांचे अध्यक्ष मी पुष्कळ पाहिले आहेत. उपयोगाचा पहिल्यांदाच पाहिला.

मुदत संपायच्या आत आम्ही पुन्हा बँकेत गेलो. पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. अधिकारी सवयीने म्हणाला, "एक बार और, माताजी."

वहिनींनी हात पदराखाली घेतला. "नाई. पहिले कायचा ते सांगा."

त्याने पडदा आमच्याकडे वळवला आणि मोडक्या मराठीत एकेक ओळ वाचून दाखवली. दुसरा अंगठा दरवर्षीची आपोआप कपात बंद करण्याचा होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवल्यावर हात बाहेर आला.

मधल्या दिवसांचे थोडे कापून पैसे परत आले. लेकीची फी भरली गेली. वहिनी मात्र बँकेतून आल्या त्याच दुपारी चिखलात उतरल्या होत्या. चिंधी धुऱ्यावरच पडली होती, आणि गाणं त्या आता वाकूनच सांगत होत्या.