बाय-टू कॉफीतला मोठा वाटा

माझ्या मैत्रिणीला आयुष्यात एकही मोठी गोष्ट आवडलेली नाही. हे मी जबाबदारीनं सांगते, कारण तिला मोठ्या गोष्टी दाखवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. नोकरीत असताना आम्ही ऑफिसातल्या बायका मिळून ताजमहाल पाहायला गेलो होतो. बाकीच्या त्या संगमरवराकडे पाहून गप्प झाल्या, एकदोघींच्या डोळ्यांत पाणीही आलं, आणि ही बाई मान खाली घालून चपलांवरून चढवायला दिलेल्या कापडी पिशव्या न्याहाळत होती. "हे किती छान गे," ती म्हणाली, "चालताना आवाजच येत नाही. मांजराला असंच वाटत असेल." परत आल्यावर कुणी ताजमहाल कसा होता असं विचारलं की ती पिशव्यांचं वर्णन करायची आणि विचारणारा माझ्याकडे संशयानं बघायचा. पोटच्या मुलीच्या लग्नातही तेच. पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं, मी रडत होते, आणि वधूमाय मंडपाच्या कोपऱ्यात नादस्वर, म्हणजे दक्षिणेतली लांबलचक सनई, वाजवणाऱ्यासमोर उभी होती. फुंकर मारायच्या आधी त्याचे गाल कसे टम्म फुगतात ते तिला पुन्हा एकदा पाहायचं होतं. "हे वाजवणारे आता निघून जातील ना," तिनं मला समजावलं. "मुलगी काय, येतच राहील."

तिचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं विसरून गेले. त्यामुळे तिचं मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनं आहे आणि त्यात कानडी असं मुरलं आहे की कुठं काय संपतं ते तिलाही सांगता येत नाही. मी लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूत आले तेव्हा ऑफिसात हिच्या शेजारचं टेबल मिळालं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "स्वल्प सरक गे, इथं ऊन येतंय." ऊन लागतंय म्हणून सरकायला सांगत असेल असं समजून मी खुर्ची हलवली. तसं नव्हतं. काचेच्या पेपरवेटमधून टेबलावर उन्हाचा एक रंगीत ठिपका पडायचा आणि मी नेमकी त्याच्या वाटेत बसले होते. इतकी वर्षं झाली, अजून मला ती अधूनमधून तिच्या वाटेतून सरकवत असते.

आमची मैत्री जमली ती बाय-टू कॉफीवर. या शहरात ही एक मोठीच सोय आहे. हॉटेलात दोघांनी एक कॉफी मागवायची आणि ती दोन पेल्यांत अर्धी अर्धी करून मिळते, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी सकाळी आम्ही जे. पी. नगरातल्या एका उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलात भेटायचो. पेले समोर आले की ही खाली वाकायची, एक डोळा मिटायची, आणि गवंड्यानं भिंतीची पातळी तपासावी तशी कॉफीची पातळी तपासायची. मग ज्यात अंमळ जास्त असेल तो पेला निर्लज्जपणे उचलायची. "मोठ्यांचा मान," असं म्हणायची. ती माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी आहे, पण त्या महिन्यांची जेवढी वसुली तिनं केली आहे तेवढी कुणी थोरल्या जावेनंही केली नसेल. फेस तर माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. मी तक्रार केली की म्हणायची, "तुला फेस आवडतो हे तू आधी सिद्ध कर."

सिद्ध कर म्हणजे काय, तर तो आमचा खेळ होता. दर गुरुवारी प्रत्येकीनं आपल्याला आवडणारी एक बारीकशी गोष्ट सांगायची आणि दुसरीनं ती मोडीत काढायची. नियम अर्थातच हिनं केले होते आणि पंचही हीच होती. "नव्या साडीची घडी मोडणं," मी एकदा मोठ्या उमेदीनं म्हटलं. "विकत घ्यावी लागते. बाद!" "सकाळचं कब्बन पार्क." "केवढं मोठं आहे ते! बाद." "बरं, नातवाचं हसणं." "सगळ्या आज्यांना आवडतं ते. त्यात तुझं काय? बाद." मग तिची पाळी. तिला पंखा बंद केल्यावर तो जी शेवटची आळसावलेली फेरी मारतो ती आवडते. तव्यावरचा पहिला, बिघडलेला डोसा आवडतो, कारण तो कुणाच्या ताटात वाढता येत नाही आणि करणारीला ओट्याशी उभ्यानं खाता येतो. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या आवडतात, कारण त्या आपल्याला मोजायच्या नसतात. वसंतात आमच्या भागातली गुलाबी फुलांची झाडं बहरतात तेव्हा अख्खं शहर फोन उंचावून उभं राहतं. हिला मात्र ऑटोच्या वायपरमध्ये अडकून फुकट गावभर फिरणारं एखादंच फूल आवडतं. "तुझा पंखा थांबला की त्यावरची धूळ तेवढी दिसते," मी म्हणायची. "बघ, धुळीला पण विश्रांती," ती म्हणायची. हिला बाद करणं मला कधी जमलं नाही. मी आपली पुणेकर, हटकून विचारायची, की पण का आवडतं, कारण सांग ना. त्यावर तिचं एकच उत्तर असायचं: "सुम्ने."

सुम्ने हा शब्द इथं दिवसभर कानावर पडतो. उगीच, सहज, काही कारण नाही म्हणून. कुठं निघालात, सुम्ने. का हसलीस, सुम्ने. मला सुरुवातीला हे उत्तर म्हणजे चक्क उडवाउडवी वाटायची.

थंडीत बाजारात अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, आले की ती मला सोलायला बोलवायची. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि दाणा सुळकन उडतो. पुण्यात आम्ही डाळिंब्या सोलतो त्या मुकाट्यानं आणि पातेल्यात. हिला मात्र तो उडण्याचा क्षण आवडायचा, त्यामुळे दाणे पातेलं सोडून सगळीकडे जायचे. एक थेट भावजींच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, चष्म्यावर बसला. ते गरीब गृहस्थ शेवटी घरात छत्री उघडून पेपर वाचायला बसले. आमटीला दाणे कमी पडले, पण आमच्या पोटात हसून हसून जागाही उरली नव्हती.

आणि मग एक दिवस ती बेळ्ळंदूरला, याच शहराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, राहायला गेली. तिची मुलगी तिथं नोकरी करते, बाळ लहान, आईवडील जवळ असावेत असं तिला वाटलं, त्यात गैर काहीच नव्हतं. "इथल्या इथं तर आहे," निघताना ती म्हणाली. नकाशावर ते खरंही आहे. पण जे. पी. नगरातून बेळ्ळंदूरला जाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळतं. तेवढ्या वेळात लोक विमानानं दुसऱ्या देशात पोचून आंघोळ करून मोकळे होतात. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मला भरून आलं. फोन होतेच, पण फोनवर पेल्याची पातळी कशी बघणार?

पहिले काही दिवस ती फोनवर कमी बोलायची. मग एकदम खूप बोलायला लागली. एकोणिसावा मजला आहे, खाली पोहायचा तलाव आहे, क्लब हाउस आहे, बाल्कनीतून सगळं तळं दिसतं. आणि एका बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "अगे, इथून सूर्यास्त काय भव्य दिसतो!"

मी फोन ठेवला आणि ते लगेच माझ्या यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे की. रमली म्हणायची." त्यांना काय कळणार? मी म्हटलं, "अहो, तिला सूर्यास्त आवडलाय. तिचं काहीतरी फार बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळीच निघाले. बेळ्ळंदूर म्हटल्यावर एका ऑटोवाल्यानं मला हात जोडले, दुसऱ्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, तिसरा देवमाणूस निघाला. रिंग रोडवर आम्ही इतका वेळ एका जागी उभे होतो की शेजारच्या बसमधल्या बाईशी माझी चांगली ओळख झाली. पोचले तेव्हा जेवायची वेळ टळत आली होती.

दार तिनंच उघडलं. घर लखलखीत होतं. भावजी नातीला घेऊन खाली गेले होते. तिनं मला सोफ्यावर बसवलं, "प्रवास कसा झाला?" असं विचारलं आणि नक्षीच्या कपबशीतून कॉफी आणली, सोबत बशीत मांडलेली बिस्किटं. कप काठोकाठ भरलेला होता. अख्खी कॉफी, वर सगळा फेस, आणि सगळी माझी. इतक्या वर्षांत या बाईनं मला कधी पाहुणी केलं नव्हतं. मी कप तसाच खाली ठेवला.

"सूर्यास्त इथून दिसतो," ती काचेकडे हात करून म्हणाली. आम्ही दोघी काचेपाशी उभ्या राहिलो. खाली तळं होतं, रस्ता होता, गाड्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या. ती हळूच म्हणाली, "इथून सगळं दिसतं गे, पण ऐकू काहीच येत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा नाही. मी रोज शोधते, पण आवडण्यासारखं काही सापडतच नाही. मला वाटतं, माझं ते आवडणंच संपलं."

समजूत घालायचं काम आजवर तीच करत आली होती. म्हणून मी आपलं जे तोंडाला आलं ते सांगायला लागले. "येताना सिग्नलला पुढं एक स्कूटर होती. नवराबायको. त्यानं इंजिन बंद केलं, खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, आणि एकेक सोलून मागं न बघता हात मागं करायचा. तिचा हात आधीच तिथं आलेला असायचा."

ती काचेकडेच बघत होती. "शेंगा विकतच्या," ती म्हणाली. "बाद."

आवाज बारीक होता, पण तिचा होता. मला हुरूप आला. "बरं, मग तुमच्या फाटकावरचं पेन. दोरीनं बांधलंय आणि दोरी इतकी आखूड आहे की नाव लिहायला कमरेत वाकावंच लागतं. जो येतो तो वॉचमनला साष्टांग नमस्कार घालूनच आत येतो. माझ्या पुढं एक टाय लावलेला साहेब होता, तोही वाकला."

ती माझ्याकडे वळली. "हौदा? खरंच? मी कधी बघितलंच नाही. आम्ही गाडीतून खाली पार्किंगला उतरतो आणि तिथूनच लिफ्टनं वर येतो." आणि पायात चपला सरकवत म्हणाली, "चल, दाखव."

आम्ही खाली गेलो, फाटकातून बाहेर पडलो आणि बाहेरून परत आत आलो, कारण त्याशिवाय नाव लिहायला देत नाहीत असं तिचं म्हणणं होतं. ती पेनापाशी गेली, वाकली, आणखी वाकली, आणि पाहुणी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. कुणाकडे आलात या रकान्यात स्वतःचाच फ्लॅट. वॉचमन गोंधळला. "मॅडम, आप तो यहीं रहती हैं ना?"

"हो," ती मराठीतच म्हणाली. "सुम्ने."

मागं तीन माणसं वाकायला खोळंबली होती. ती बाजूला उभी राहून प्रत्येकाचं वाकणं बघत होती आणि माझ्या कोपरात चिमटे काढत होती. लिफ्टमध्ये म्हणाली, "ती दोरी कुणी लांब केली तर मी सोसायटीत भांडण काढीन."

वर आल्यावर तिनं माझी गार झालेली कॉफी उचलली आणि न विचारता मोरीत ओतली. मग स्वयंपाकघरातून ओळखीचा खडखडाट आला. एकच कॉफी, दोन स्टीलच्या पेल्यांत. तिनं ते ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, वाकून एक डोळा मिटला, आणि ज्यात जास्त होती तो पेला फेसासकट उचलला. "मोठ्यांचा मान."

कमी कॉफी मिळाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बघितलं असणार, पण ती फेस खाण्यात गुंतल्यासारखं दाखवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढ्या ट्रॅफिकमधून कशाला आलीस गे?"

"सुम्ने," मी म्हटलं.

तिनं मला बाद केलं नाही.

आता तिचे फोन पुन्हा पूर्वीसारखे येतात. अठराव्या मजल्यावर कुणीतरी रोज एकच मोजा वाळत घालतं, दुसऱ्याचं काय होतं याचा ती तपास करते आहे. सूर्यास्ताचं नाव तिनं पुन्हा काढलेलं नाही. बेळ्ळंदूरला मी महिन्यातून एखाद्या वेळी जाते; याहून जास्त त्या रिंग रोडवर माझं वय चालत नाही. एरवी गुरुवारी सकाळी त्याच हॉटेलात एकटीच उभी असते. एकट्या माणसाला बाय-टू मागता येत नाही, म्हणून अख्खी घेते. फेस सगळा मलाच मिळतो, भांडायला कुणी नसतं, आणि सावकाश प्यायला वेळही भरपूर असतो. पण अख्खी कॉफी मला जास्त होते.