शीटवरचा दुसऱ्याचा रोल नंबर

आध्यात्मिक अनुभव सांगणाऱ्यांची मी कॉलेजात जाहीर टर उडवायचो. आमच्या घरी बुद्धवंदना होते, चमत्कारांना थारा नाही. तरी हे लिहितोय, कारण ती दुपार आठवली की अजूनही सुन्न व्हायला होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. कोल्हापुरात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गणित दोनदा राहिलेलं, ड्रॉइंगच्या शीटांचा ढीग पडलेला, आणि वडील गावी अख्ख्या नेसरीला ‘आमचा इंजिनिअर’ म्हणून सांगून बसलेले. झोप उडाली होती. पेन्सिल धरली की हात थरथरायचा. मग सगळे करतात तेच मी केलं. काचेखाली बल्ब, काचेवर सिनिअरची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवत सुटायचं. याला आम्ही जीटी म्हणायचो, ग्लास ट्रेसिंग. त्याच आठवड्यात कॉलेजच्या भिंतीवर मी लावलेलं पत्रक होतं, ‘प्रामाणिक विद्यार्थ्यांचा छळ थांबवा’.

सबमिशनला ड्रॉइंगच्या सरांनी माझी शीट उघडली आणि कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. नाव माझं, रोल नंबर सिनिअरचा. तोही मी गिरवला होता. चारही शीटांवर.

“प्रामाणिक विद्यार्थी तो हाच काय?” सर म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. “उद्या पाचपर्यंत चारही स्वतः काढून आण. नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही.”

म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं. कॉलेज सोडायचं ठरवूनच मी स्टँडवर गेलो. गावाकडं जाणारी गडहिंग्लजची गाडी नुकतीच सुटलेली, पुढची दीड तासानं. जवळच्या वस्तीतल्या बुद्धविहारात शिरलो तो निव्वळ सावलीसाठी. आत एक म्हाताऱ्या मावशी पौर्णिमेसाठी पंचशील ध्वजाची उसवलेली किनार शिवत होत्या.

“जय भीम, पावणं. एवढा दोरा ओवून द्या की. मला दिसंना झालंय.”

दोरा चुकला. पुन्हा चुकला. दहादा चुकला.

“काय शिकतोस?”

“इंजिनिअरिंग. सोडलंय.”

“तरीच. सुई आवरंना, मशीन काय आवरणार.” मी सुई परत द्यायला लागलो, तर त्यांनी घेतलीच नाही. “मला घाई न्हाय. तुला हाय व्हय?”

मी हबकलो. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. समोर बुद्धमूर्ती होती. बुद्ध, धम्म, संघाला शरण जायचं ते त्रिशरण मी लहानपणापासून म्हणतोय, मोर्चात माइकवरून इतरांकडून म्हणवून घेतलंय. पण मोर्चाला निघायचो ते कायम कुणाला तरी हरवायलाच. त्या क्षणी मनात एवढंच म्हटलं, मला जमत नाही. आणि रडू फुटलं. मावशी किनार सारखी करत राहिल्या. पुन्हा सुई धरली तेव्हा दोरा आत गेला. हाताकडं बघितलं. तो थांबला होता. कसा, ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

गाडी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी एकच शीट नेली, काचेविना काढलेली, खोडून खोडून काळवंडलेली.

“सर, एकच झाली. आधीच्या चारही जीटी होत्या.”

सरांनी ती बराच वेळ बघितली. “घाण काढलीस. पण तुझी आहे.” सही केली. “उरलेल्या सोमवारी.”

माझं वर्ष वाचलं ते मावशींच्या सवडीनं, हे मी विसरणार नाही. पौर्णिमेला विहारात गेलो. सगळे त्रिशरण म्हणू लागले. एरवी माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो, त्या दिवशी घशातून फुटेचना. मागून मावशींनी ढोसलं, “म्हण की, हळू म्हटलं तरी चालतंय.”

मी हळू म्हटलं.