राहीबाईंना एकाचे दोन दिसू लागले तेव्हा

राहीबाईंनी नाकावरचा चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि बोटानं माझ्याकडं सरकवला.

"हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा, शेठ. याच्यानं मला एकाचे दोन दिसायलेत."

जिंतूरच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान होतं. अशी तक्रार अधूनमधून यायचीच. काच खालीवर झाली असेल असं धरून मी म्हणालो, "बसा मावशी, आत्ता नीट करून देतो."

"बसायला न्हाई आले. परत द्यायला आले."

त्यांच्या मागं त्यांचा मुलगा गौतम उभा होता. तो प्राथमिक शाळेत शिक्षक, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणायचे, मीसुद्धा. तो माझ्याकडं न बघता बाहेर रस्त्याकडं बघत होता. तेच मला जास्त लागलं. कारण त्याच्या आईला ऑपरेशनसाठी तयार मीच केलं होतं.

त्याचं असं झालं. दुष्काळाच्या वर्षी आम्ही काही दुकानदार सुकडी, म्हणजे मदतीचा कोरडा खाऊ, वाटायला एकत्र आलो होतो. दुष्काळ सरला, पण एकत्र जमायची सवय राहिली. मग आम्ही डोळ्यांची शिबिरं भरवू लागलो. औरंगाबादहून एक डॉक्टर यायचे आणि शाळेच्या वर्गात मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची. माझं काम दुहेरी होतं. आधी गावोगाव हिंडून पेशंट तयार करायचे आणि नंतर त्यांचे चष्मे बनवायचे. राहीबाई चारठाण्याजवळच्या एका वाडीतल्या सुईण. त्या भागातली कितीतरी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्या हो म्हणाल्या तर वाडी हो म्हणेल, हे ओळखून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन पुन्हा पुन्हा बसलो होतो.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. आता तिथं नवं भिंग बसवतात. तेव्हा आमच्याकडं तसं नव्हतं. गढूळ भिंग काढून टाकायचं आणि त्याचं काम नाकावरच्या जाड काचेकडून करून घ्यायचं. नंबर दहाच्या आसपास, काच मधोमध फुगलेली. राहीबाईंचा डावा डोळा पिकला होता, म्हणून तेवढाच केला. उजव्यानं अजून बरं दिसत होतं, तो तसाच ठेवला. चष्म्यात डावीकडं जाड काच, उजवीकडं साधी.

मी फ्रेम तपासली. सरळ. मग सेंटर पाहिलं. भिंगाचा मध्य बरोबर बुबुळासमोर यावा लागतो, नाहीतर दोन दिसतात. तोही बरोबर. मग राहीबाईंना भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तक्त्यावर तीन दातांच्या फणीसारख्या खुणा असतात, त्यांचं तोंड कुठं आहे ते बोटांनी दाखवायचं. रिवाजाप्रमाणे एक डोळा झाकून दुसरा तपासला, मग उलट. डाव्या डोळ्यानं तर राहीबाई जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या.

"मावशी, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय!"

"हितं दिसतंय. घरी न्हाई दिसत."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हंजी घरी. आता कसं सांगू?"

मी गुरुजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "शेठ, उंबऱ्यावर अडखळतात. तांब्या घ्यायला गेल्या की हात बाजूलाच पडतो. आणि माझ्या बायकोला दिवस गेलेत. आईनं ठरवलं होतं, नातवंडाला आपणच हातावर घ्यायचं."

राहीबाई म्हणाल्या, "दोन नाळी दिसल्यावर कापू कोणती?"

मी चष्मा पुसून पुन्हा त्यांच्या हातात ठेवला. "एक दिवस ठेवा, मावशी."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि एसटीनं त्यांच्या वाडीला गेलो. म्हटलं, घरी दिसत नाही तर घरीच जाऊन बघू. कदाचित घरात अंधार असेल, किंवा वाकताना चष्मा घसरत असेल.

वाटेतच कळलं की गोष्ट माझ्या आधी पोचलीय. पुढच्या शिबिराला नाव दिलेला एक शेतकरी फाट्यावरच भेटला. "शेठ, माझं नाव काढा. राहीबाईला दुसऱ्याचाच डोळा बसवलाय म्हनं. म्हनून एक तिचं दिसतंय, एक त्याचं."

"अहो, डोळा बदलता येत नाही."

"मग दोन कशे दिसायलेत?"

हेच तर मला कळत नव्हतं! मी चार शब्द जुळवले, पण त्याचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही बसत नव्हता.

घर छोटं होतं, पण उजेड चांगला. चष्माही घसरत नव्हता. मी राहीबाईंना चष्मा लावून अंगणात चालायला लावलं. त्या पाय उगाच उंच उचलत होत्या. तांब्या मागितला तर हात तांब्याच्या शेजारी गेला. मी पुन्हा एकेक डोळा झाकून तपासलं. डावा उत्तम. उजवा बरा. माझं डोकं चालेना. दोन्ही डोळे चांगले आणि बाई मात्र धडपडतेय. शेजारपाजारचे जमले होते आणि माझ्याकडंच बघत होते.

"जाऊ द्या," राहीबाई म्हणाल्या. "च्या तरी घ्या."

त्या चुलीपुढं बसल्या. लाकूड ओलं होतं, भसकन धूर आला. त्यांनी पदराचं टोक उजव्या डोळ्यावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं पातेलं उचलून कपात चहा ओतला. थेंबही बाहेर सांडला नाही.

मी जागचा उठलो. "मावशी, पदर काढू नका. आता कप किती दिसतात?"

"एक."

"काढा पदर."

"दोन. एक ल्हान, एक मोठा."

लहान आणि मोठा! हे त्या आधी बोलल्या नव्हत्या आणि मी विचारलं नव्हतं. दुकानात मी प्रत्येक वेळी एक डोळा झाकूनच तपासत होतो. तसंच शिकलो होतो. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून काय होतं, ते पाहायची पद्धतच नव्हती.

तरी असं का होतं हे कळेना. जिंतूरला परतल्यावर पोस्टातून डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला. बराच वेळ बसून राहिल्यावर लागला.

"साहेब, एक लहान, एक मोठा दिसतोय म्हणतात."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "जाड काचेतून सगळं चांगलं पावपट मोठं दिसतं. दुसऱ्या डोळ्याला आहे तेवढंच दिसतं. दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत."

"मग करू काय?"

"एक डोळा झाका. दुसरा पिकला की त्याचंही ऑपरेशन करू, मग जुळेल."

"साहेब, आपण लोकांना डोळे द्यायला शिबिर भरवतो, आणि मी जाऊन डोळा झाका म्हणू?"

"हो, म्हणा," ते म्हणाले आणि लाइन तुटली.

राहीबाई दुकानात आल्यावर मी सगळं सांगितलं. उजवीकडची साधी काच घासून धूसर करायची, म्हणजे त्या डोळ्याला काही दिसणार नाही.

"म्हंजी माझा देवानं दिलेला डोळा मारायचा, आन् तुमी केलेला ठिवायचा?"

"आई तथागताला मानते, पण बोलताना देव येतोच तोंडात," गुरुजी हसून म्हणाले. राहीबाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्यांनी कधी पदरानं हा डोळा झाकला, कधी तो, आणि बाहेरच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ह्या जुन्यात धुकं वाढायलंय. घासा काच."

मी काच घासली. दोनाचं एक झालं. चहा ओतण्याइतकं जमायचं, पण सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, बारीक कामात हात अलीकडंच पडायचा. ते मात्र माझ्या हातात नव्हतं. राहीबाई रोज अंगणात बसून सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारत राहिल्या, असं गुरुजी सांगायचे.

एका बाजाराच्या दिवशी गुरुजी दुकानात आले. "मुलगी झाली," म्हणाले. "नाळ आईनंच बांधली. शेजारची बाई दिवा धरून होती. आईनं एकदा हात मागं घेतला, पुन्हा पुढं केला, आणि गाठ बरोबर जागी बसली."

पुढच्या शिबिराच्या आधी मी भाषण तयार केलं होतं, भिंगाचं चित्रही काढलं होतं. राहीबाई येऊन शाळेच्या ओसरीवर बसल्या आणि लोकांना एवढंच म्हणाल्या, "दोन दिसले तर भिऊ नगा. एक डोळा झाका आन् शेठला बोलवा." माझं भाषण राहिलं. नाव काढायला सांगणारा शेतकरी मात्र त्या वर्षी आला नाही, नंतरही आला नाही.

या प्रकारानंतर मी एक केलं. नवा चष्मा लावला की गिऱ्हाइकाला बाजारात एक चक्कर मारून यायला सांगू लागलो. खुर्चीवर बसून एकेका डोळ्यानं तक्ता वाचणं वेगळं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून गर्दीतून चालणं वेगळं. काहीजण परत येऊन तक्रार सांगायचे, ती मी दुरुस्त करायचो. काहीजण तिकडून तसेच घरी जायचे. त्यांना नीट दिसत असावं, असं मी धरून चालायचो.